लाल डोळा ठीक, दुसऱ्यात डाग

"मॅडम, कळांच्या वेळी लई जोर लावला तर डोळे जातात का?" बाळंतिणींच्या वॉर्डात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई, नाहीतर सासू.

परभणीकडची एक पहिलटकरीण आठवते. उजव्या डोळ्याचा पांढरा भाग रक्तासारखा लाल झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "रडली लई, त्यानं झालं. आता अंगावरचं दूध घालते डोळ्यात." दूध घालू नका, हे आधी सांगितलं, त्यानं जंतुसंसर्ग होऊ शकतो. श्वास कोंडून जोर लावला की दाब वाढतो आणि डोळ्यावरची बारीक रक्तवाहिनी फुटते. दिसायला भयंकर, पण दोनेक आठवड्यांत आपोआप निवळतं.

तरी सवयीनं तिला एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. लाल डोळ्यानं तारखा घडाघडा वाचल्या. डावा डोळा स्वच्छ, पण त्यानं बघताना ती अडखळली. "मधोमध काळं दिसतंय. अशक्तपणा असंल म्हणून बोलले नाही."

नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून पाहिलं. त्याच दाबानं डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी रक्त साकळलं होतं. हे क्वचित होतं. लेझरची गरज पडली नाही. उशी उंच घेऊन झोप, वजन उचलू नकोस, कुंथू नकोस, एवढंच सांगितलं. बाळंतिणीला मलावरोध होऊ न देणं हाही डोळ्याचाच इलाज, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला! महिन्या-दोन महिन्यांत डाग गेला.

मग पुढची शंका: "दुसऱ्या खेपेला सीझरच का?" फक्त एवढ्यासाठी नाही. चष्म्याचा नंबर मोठा म्हणून सीझर करा, असंही गावोगाव सांगतात; नुसत्या नंबरासाठी त्याची गरज नसते. आधी पडदा तपासून घ्यावा, निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

मला खरी धास्ती वाटते ती गरोदरपणात वाढणाऱ्या बीपीची. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधूक दिसतंय, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, आधी बीपी मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली तरी. त्यात पडद्याखाली पाणी साचू शकतं, झटकेही येऊ शकतात. आणि बाळंतपण होऊन गेलं म्हणून निर्धास्त राहू नका. पहिले सहा आठवडे हा धोका असतो.