विळी माळ्यावर टाकलीय

प्रश्न : विळीवर नारळ खवताना मनात येतं, बाळाला इजा केली तर? विळी माळ्यावर टाकलीय. नामजप करून विचार दाबते, तो दुप्पट येतो. — एक आई, देवगड

उत्तर : ताई, असे विचार पुष्कळ आयांना येतात. तुम्ही घाबरता, कारण तुम्हाला तसं मुळीच करायचं नाही. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं. अस्वल येतच राहिलं. म्हणून दाबू नका. विळी खाली काढा. बाळ पाळण्यात, तुम्ही सोलकढीसाठी नारळ खवताय. विचार आला तर येऊ दे, जप न करता खवत राहा. छाती धडधडेल, ओसरेल. जप दिवेलागणीला करा, भीती घालवायला नको. झोप उडाली असेल किंवा तसं करावंसंच वाटू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोला.