ऑफिसचा सर्व्हर म्हातारा झालाय, १० गिगचं कार्ड टाकू का?

प्रश्न : सांगलीत आमचं सीएचं ऑफिस आहे. बारा कॉम्प्युटर आणि मधे एक एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन ८, दहाएक वर्षं तरी झाली असतील, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. टॅलीचा डेटा आणि क्लायंटचे स्कॅन केलेले पीडीएफ सगळं त्यावरच. दोन टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्यात (दोन्हीवर तोच डेटा), त्या भरत आल्या. आणि सकाळी सगळी आर्टिकल मुलं (सीएचे शिकाऊ) एकदम बसली की टॅली उघडायला जीव जातो. व्हेंडर म्हणतो १० गिगचं (सेकंदाला १० गिगाबिटचं) नेटवर्क कार्ड टाका, रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कंट्रोलरचं कार्ड टाका, स्विच पण बदला. करू का हे सगळं?

उत्तर : व्हेंडरला आधी विचारा की ही दोन कार्डं बसवणार कुठे, कारण या खोक्यात जादा कार्ड बसवायचा पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट एकच आहे आणि तोही लो प्रोफाइल (बुटक्या कार्डांचा). म्हणजे एक तर नेटवर्क कार्ड नाहीतर रेड कार्ड. माझं विचाराल तर सध्या दोन्ही नको.

आधी बघा अडतंय कुठे. दोन-तीन जीबीची एक मोठी फाइल सर्व्हरवरून कॉपी करून बघा, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास आली तर तुमचं सध्याचं गिगाबिट नेटवर्क ठणठणीत आहे. ११-१२ वर अडकली तर ती लाइन १०० एमबीपीएसवर चाललीय (इथे एमबी म्हणजे मेगाबिट, आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट), आणि हे ऑफिसांमध्ये फार सापडतं, कारण गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे प्लगमध्ये एखादी तार ढिली झाली की कॉम्प्युटर गुपचूप खाली उतरतो, नेट चालू असतं म्हणून कोणाला कळतही नाही. तिथे नवीन पॅच कॉर्ड (प्लग लावलेली तयार केबल) लावा, काम झालं.

पण टॅलीचं दुखणं बहुतेक डिस्कचंच आहे. टॅली बारीकबारीक तुकडे वाचतं-लिहितं, आणि ७२०० आरपीएमची फिरती डिस्क असे इकडचे-तिकडचे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच उचलते, बारा जणांनी एकदम मागितले की रांग लागणारच. सकाळच्या गर्दीत सर्व्हरवर विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडून बघा, डिस्कची रांग वाढलेली आणि नेटवर्कचा ग्राफ निवांत असेल तर १० गिगवर पैसे घालून उपयोग शून्य.

मग करायचं काय? या मशीनचे पहिले दोन बे (डिस्क बसवायच्या जागा) ६ जीबीपीएसचे आणि उरलेले दोन ३ चे आहेत. पहिल्या दोनात एसएसडीची जोडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क; अडीच इंची असतात, ट्रेसाठी अडॅप्टर लागेल), त्यावर विंडोज आणि टॅली. मागच्या दोनात पीडीएफसाठी मोठ्या डिस्क, त्यांना ३ चा वेग पुरून उरतो. डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारीशेजारी लिहिणारी) आहे का ते विचारूनच घ्या, २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या आणि मिरर किंवा RAID मध्ये त्या लिहिताना रडतात. अजून एक, या मशीनला यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर) नाही त्यामुळे २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरून ते बूट होणार नाही, नुसता डेटा ठेवायला मात्र चालतं, फक्त डिस्क जीपीटी (भाग पाडायची नवी पद्धत) करा.

२०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, क्लायंटचे पॅन-आधार असलेलं मशीन असं उघडं ठेवू नका, एसएसडी टाकतानाच विंडोज नवीन घ्या, लायसन्सबरोबर कॅलचा (प्रत्येक वापरकर्त्याचं किंवा कॉम्प्युटरचं वेगळं लायसन्स) खर्च पण धरा. नेटवर्कसाठी मागे दोन गिगाबिट पोर्ट आहेतच, एक बहुतेक रिकामा असेल. विंडोजमधूनच टीमिंग करा, म्हणजे दोन्ही पोर्ट एकत्र जोडा. एकाची कॉपी त्याने जलद होत नाही पण बारा जण एकदम वाचायला लागले की भार दोन्हीवर वाटला जातो, आणि खर्च एका केबलचा.

हे काम ३० सप्टेंबरची ऑडिटची तारीख उलटल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत काढा. आधी यूएसबी डिस्कवर पूर्ण बॅकअप, कारण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. जुन्या डिस्क फॉरमॅट न करता तीन-चार महिने कपाटात ठेवा.

प्रश्न : २.५ गिगचा स्विच घेतला तर भिंतीतली कॅट ५ई केबल बदलावी लागेल का? – रत्नागिरी

उत्तर : नाही. २.५ गिगचं २०१६ चं स्टँडर्ड जुन्या केबलवर चालावं म्हणूनच काढलंय, ५ई वर १०० मीटरपर्यंत जातं. १० गिगला मात्र कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंतच, पुढे ६ए लागते. फक्त केबलवर सीसीए लिहिलंय का बघा. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, स्वस्त म्हणून खपवतात, तशी असेल तर बदलाच.