वाचकांचे प्रश्न : ईमेलचा पत्ता एक, कप्पे अनेक

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून साताऱ्यात राहते. गेली १२ वर्षे मी जीमेलचा एकच पत्ता सगळीकडे देत आले आहे. वीजबिल, निवृत्तिवेतनाची पत्रे, म्युच्युअल फंडाची विवरणे आणि दुकानांच्या जाहिराती हे सारे एकाच ठिकाणी येऊन पडते. मागच्या महिन्यात या गर्दीत विजेचे बिल दिसलेच नाही आणि विलंब आकार भरावा लागला. पत्त्यात अधिकचे चिन्ह घालून वेगवेगळे पत्ते करता येतात, असे माझा भाचा म्हणतो. त्यासाठी नवे खाते उघडावे लागते का?

उत्तर : नवे खाते लागत नाही, आणि जुना पत्ताही आहे तसाच चालू राहतो. आपला पत्ता ‘घरनाव@जीमेल.कॉम’ असा आहे असे धरू. (समजण्यासाठी येथे तो देवनागरीत लिहिला आहे, प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांतच टंकावा.) वीज कंपनीला ‘घरनाव+वीज@जीमेल.कॉम’ असा पत्ता दिला, तर अधिकच्या चिन्हापासून ॲटपर्यंतचा मजकूर बाजूला ठेवून जीमेल ते पत्र आपल्याच पेटीत टाकते. मात्र पत्रावर ‘+वीज’ ही खूण तशीच राहते. वाड्यातील बिऱ्हाडांची पत्रे पोस्टमन वाड्याच्या दाराशी देत असे आणि आतले कोण हे पाकिटावरच्या नावावरून वाड्यातली माणसे ठरवीत, तसाच हा प्रकार आहे. अशा पर्यायी पत्त्याला एलियस म्हणतात. तो आधी कुठे नोंदवावा लागत नाही. द्यायच्या क्षणी मनात येईल तो शब्द जोडला की पत्ता तयार होतो.

खरा उपयोग पुढे, फिल्टर (म्हणजे येणारी पत्रे आपोआप वेगळी करणारा नियम) लावल्यावर होतो. हे काम संगणकावरच्या ब्राउझरमध्ये करावे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टरच्या विभागात जाऊन नवा फिल्टर सुरू करावा, ‘प्रति’च्या चौकटीत खुणेसह पूर्ण पत्ता लिहावा आणि त्या पत्रांना ‘वीज’ हे लेबल, म्हणजे कप्प्याचे नाव, लागावे असे सांगावे. तेथेच पत्र कधीही स्पॅममध्ये जाऊ नये असा एक पर्याय असतो. बिले आणि निवृत्तिवेतन यांच्यासाठी तो अवश्य निवडावा. इनबॉक्स टाळून पत्र थेट लेबलाखाली पाठवण्याचाही पर्याय असतो, आणि येथे मात्र आपल्याला आग्रहाने सांगावेसे वाटते की तो फक्त दुकाने आणि जाहिराती यांच्यासाठीच वापरावा. बिल इनबॉक्सबाहेर गेले की ते नीट लावलेल्या कप्प्यात पडून राहते, आणि विलंब आकार पुन्हा भरावा लागतो.

खुणा थोड्याच ठेवाव्यात. प्रत्येक दुकानाला वेगळी खूण देण्याचा उत्साह सुरुवातीला येतो, पण नंतर कोणत्या ठिकाणी कोणता पत्ता दिला हे आठवत नाही. बहुतेक संकेतस्थळांना प्रवेश करताना नोंदणीच्या वेळचाच पत्ता अक्षरशः तसाच लागतो. ‘+खरेदी’ विसरून नुसते ‘घरनाव’ लिहिले तर असे खातेच नाही, असे उत्तर मिळते. आपल्या पत्रावरून पाहता वीज, निवृत्तिवेतन, गुंतवणूक आणि खरेदी या चार खुणा पुरेशा आहेत. त्या घरातल्या एखाद्या वहीत लिहून ठेवाव्यात. जिथे जुना पत्ता आधीच दिलेला आहे, तिथे तो सावकाश, एकेका ठिकाणी जाऊन बदलावा. तोपर्यंत त्या संस्थांच्या पत्रांसाठी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून फिल्टर लावता येतो.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे, आणि आपल्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांसाठी मला तो कप्प्यांहूनही मोलाचा वाटतो. बँकेच्या नावाने आलेले पत्र जर ‘+खरेदी’ या पत्त्यावर आले असेल, तर बँकेला तो पत्ता कधी दिलेलाच नसल्यामुळे ते पत्र बनावट समजावे आणि त्यातील दुवा उघडू नये. याचा उलट अर्थ मात्र काढू नये. योग्य खुणेवर आलेले पत्रही खोटे असू शकते, कारण पत्त्यांच्या याद्या चोरीला जातात.

प्रश्न : मी नागपूरला राहतो. अधिकच्या चिन्हाचा पत्ता एका संकेतस्थळाने चुकीचा म्हणून नाकारला. दुसऱ्याने तो घेतला, पण जाहिराती थांबवण्याचा दुवा दाबला की पत्ता सापडत नाही असे तेथे दिसते. यात दोष कोणाचा, आणि या पत्त्याने माझा मूळ पत्ता लपतो का?

उत्तर : दोष त्या दोन्ही संकेतस्थळांचा आहे. ईमेलच्या वाहतुकीचे मानक, म्हणजे २००८ सालचे आरएफसी ५३२१, असे सांगते की ॲटच्या डावीकडील भागाचा अर्थ फक्त पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरने लावायचा असतो, इतर कोणी नाही. आणि त्या भागात अधिकचे चिन्ह चालते. ज्यांनी नोंदणीचा अर्ज तयार केला त्यांनी केवळ अक्षरे, अंक आणि टिंब यांनाच परवानगी दिली, तर आपला योग्य पत्ता त्यांच्या चाळणीत अडकतो. दुसरा बिघाड अधिक खोल आहे. वेबच्या दुव्यात प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचे चिन्ह बहुधा रिकामी जागा म्हणून वाचले जाते. ते योग्य रीतीने संकेतबद्ध केले नाही तर ‘घरनाव+खरेदी’चे ‘घरनाव खरेदी’ होते, आणि असा पत्ता त्यांच्या यादीत अर्थातच नसतो. अशा वेळी त्या खुणेवर आलेली पत्रे थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

मूळ पत्ता मात्र यात मुळीच लपत नाही. अधिकचे चिन्ह आणि त्यापुढचा शब्द गाळला की तो उघडाच असतो, आणि याद्या विकणाऱ्यांना हे ठाऊक असते. आपण उत्तर लिहितो तेव्हाही, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, ते मूळ पत्त्यावरूनच जाते. पत्ता खरोखर झाकायचा असेल तर ॲपलची ‘हाइड माय ईमेल’, मोझिलाची ‘फायरफॉक्स रिले’ किंवा ‘सिंपललॉगिन’ यांसारख्या सेवा आहेत. त्या आपल्याला भलताच एक पत्ता तयार करून देतात, त्यावर आलेली पत्रे आपल्याकडे वळवतात, आणि त्रास होऊ लागला की तेवढाच पत्ता बंद करता येतो. स्पर्धा, सवलतीची कूपने, एकदाच करायची खरेदी यांसाठी त्या उत्तम आहेत. बँक, विमा आणि आयकर यांना मात्र असा पत्ता देऊ नये. मधली सेवा बंद पडली किंवा तिची वर्गणी भरायची राहिली, तर महत्त्वाची पत्रे वाटेतच थांबतील आणि पासवर्ड बदलण्याचा मार्गही त्याबरोबर जाईल. नुसती अधिकच्या चिन्हाची अडचण असेल, तर आउटलुक.कॉमच्या खात्यात संपूर्ण वेगळ्या नावाचे १० पर्यंत एलियस ठेवता येतात आणि सर्वांची पत्रे एकाच पेटीत येतात.

प्रश्न : डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. संस्थेची पत्रे माझ्या खासगी पत्त्यावर ‘+सोसायटी’ या खुणेने येतात. पुढच्या सचिवांकडे हे कसे सोपवावे?

उत्तर : ते सोपवता येणार नाही, आणि म्हणूनच ही व्यवस्था आताच बदलावी. एलियस ज्याच्या खात्याचा, त्याच्याच पेटीत पत्र जाणार. आपण पद सोडल्यावरही महापालिकेची, बँकेची, लेखापरीक्षकांची पत्रे आपल्याकडेच येत राहतील. व्यवस्थापन समितीची मुदत ५ वर्षांची असते, पत्त्याचे आयुष्य त्याहून मोठे असले पाहिजे. संस्थेच्या नावाने गूगल ग्रुप्सवर (एका पत्त्यावर आलेले पत्र सर्व सदस्यांना पोचवणाऱ्या सेवेवर) एक गट तयार करावा, सचिव, अध्यक्ष आणि खजिनदार यांना त्यात सदस्य करावे, आणि बाहेरच्या कोणालाही गटाला पत्र पाठवता येईल अशी परवानगी सेटिंगमध्ये द्यावी. ती दिली नाही तर बाहेरून आलेली पत्रे नाकारली जातात. गटाचा पत्ता संस्थेच्या पत्रशीर्षावर छापावा. समिती बदलली की फक्त सदस्यांची नावे बदलायची. गटाची मालकी किमान दोघांकडे असावी. आपल्या पेटीत आलेली जुनी पत्रे लेबलावरून निवडून गटाकडे पाठवून ठेवावीत, म्हणजे नव्या सचिवांना मागचा संदर्भ मिळेल.

प्रश्न : माझ्या जीमेल पत्त्यात टिंब नाही. टिंब असलेल्या तशाच पत्त्यावर पाठवलेली, दुसऱ्याच कोणाची तरी पत्रे मला येतात. माझे खाते कोणी वापरत आहे का?

उत्तर : नाही. जीमेल.कॉमवरच्या पत्त्यांत टिंबांना अर्थ नसतो, त्यामुळे टिंबासह आणि टिंबाशिवाय हे दोन्ही पत्ते आपलेच आहेत. त्या व्यक्तीने कुठेतरी आपला पत्ता चुकीचा लिहून दिला आहे. पाठवणाऱ्या संस्थेला तसे एकदा कळवावे, आणि त्या पत्रांतील खाते पडताळणीचे दुवे मात्र दाबू नयेत.