पापणी लवते न लवते तोच म्हणजे नक्की किती वेळ?

प्रिय चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी सांगत होती ना, पापणी लवते न लवते तोच मांजराने दूध पालथं केलं म्हणून, तेव्हा तू मला विचारलंस की मराठीत प्रत्येक फास्ट गोष्टीत पापणी कशाला येते आणि ती असते किती सेकंदांची. मी तेव्हा कुकरच्या गडबडीत होतो, आता लिहितोय आणि मुद्दाम मराठीत, अडलं तर विचार.

अगं, हातात घड्याळं नव्हती तेव्हा लोकांनी आपल्याच अंगावरची सगळ्यात चटकन होणारी हालचाल धरली. निमिष म्हणजे पण पापणीची उघडझापच, आणि तेही कमी पडलं की निमिषार्ध! मोजायला गेलं तर एक उघडझाप साधारण १०० ते ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच.

आता गेल्या शनिवारची आपली बरणी आठव. कालव्यातली ती हिरव्या टिकल्यांसारखी पानं, त्यांच्या मुळांना चिकटलेली व्होर्टिसेला, एका पेशीचा जीव, लांब देठावर उलटी घंटा ठेवल्यासारखा. मायक्रोस्कोपमध्ये बघताना तुझा टेबलाला धक्का लागला आणि घंटा एकदम खाली, देठाची स्प्रिंग झालेली, मग काही सेकंदांनी हळूहळू परत सरळ. मधलं काही तुला दिसलंच नाही, बरोबर? कारण ते सगळं १० मिलिसेकंदांच्या आत उरकतं. आपल्याच नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या संशोधकाने ही आखडणारी शेपटी, म्हणजे हा देठच, पाहून १६७६ च्या पत्रात लिहिलंय, तेही स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून, मला तर त्याचं फार कौतुक वाटतं.

तर हे जमतं कसं. तू पळतेस तेव्हा तुझे स्नायू त्या त्या क्षणी एटीपी नावाचं इंधन जाळतात. व्होर्टिसेलाच्या देठात स्पाझ्मिन नावाच्या प्रोटीनचा धागा असतो, त्याला कॅल्शियम मिळालं की तो लगेच आकसतो, त्या क्षणी एटीपी लागतच नाही. १९५८ साली हॉफमान-बर्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने ग्लिसरीनमध्ये ठेवून मारलेले देठ घेतले आणि नुसतं कॅल्शियम दिलं, तरी ते आखडले! इंधन लागतं ते नंतर, कॅल्शियम पंपाने परत देठातल्या इवल्या पिशव्यांत भरायला. बेचकीसारखं आहे बघ, रबर ताणायचे कष्ट आधी, सोडताना काही नाही.

त्याच्या नात्यातला स्पायरोस्टोमम तर मिलिमीटरभर किंवा त्याहून लांब, नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसतो, आणि ५ मिलिसेकंदांत अर्ध्याहून लहान होतो. म्हणजे आजीची एक पापणी लवेपर्यंत याच्या वीस वेळा आखडण्याएवढा वेळ होऊन जातो. आणि एक आखडला की पाण्याला जो झटका बसतो त्याने शेजारचा आखडतो, मग त्याच्या पुढचा, अशी गर्दीत लाटच जाते, हे २०१९ मध्ये मनू प्रकाश आणि साद भामला या शास्त्रज्ञांच्या टीमने दाखवलं.

बरणी खिडकीत ठेवलीय, झाकण सैल आहे, हलवू नकोस. माझ्या फोनच्या स्लो-मोमध्ये सेकंदाला २४० फ्रेम येतात, म्हणजे साधारण दर ४ मिलिसेकंदांना एक. शनिवारी फोन मायक्रोस्कोपला लावू, आखडतानाच्या एकदोन फ्रेम तरी मिळतीलच, त्या आजीला पाठवू.

तुझा बाबा