पाळणाघराची वेबसाइट: आखणी पालकांच्या प्रश्नांपासून

पाळणाघर चालवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर आहे, कारण वेबसाइट करू पाहणाऱ्या बहुतेकांची अडचण त्याच टप्प्यावर सुरू होते.

प्रश्न: मी पाळणाघर चालवते. सहा महिन्यांच्या बाळांपासून सहा वर्षांच्या मुलांपर्यंत सर्व वयाची मुले आमच्याकडे असतात. आजवर ओळखीतूनच पालक येत राहिले. आता मात्र अनेक जण भेटीला येण्याआधी ‘तुमची वेबसाइट आहे का?’ असे विचारतात. वेबसाइट तयार करून देणाऱ्या दोघांशी बोलले, तर दोघांनीही आधी नमुने दाखवले. त्यांत फिरती चित्रे, रंगीत फुगे आणि पार्श्वसंगीत होते. यातले काय निवडावे हे कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: नमुन्याची निवड सध्या बाजूला ठेवा. फोनवर किंवा पहिल्या भेटीत पालक जे काही विचारतात, ते पुढचा महिनाभर त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवा. बाळाला किती महिन्यांपासून घेता, एका ताईकडे किती मुले असतात, ताप आला तर काय करता, आईचे दूध काढून आणले तर चालते का, आम्हाला पोहोचायला उशीर झाला तर मूल कोणाजवळ थांबते, सध्या जागा आहे का, हे प्रश्न तुम्हाला तोंडपाठ असतील. पण ते कोणत्या क्रमाने येतात आणि कोणत्या उत्तरानंतर पालकांचा आवाज निवळतो, हे लिहून ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. वेबसाइटवर किती पाने हवीत आणि कोणत्या पानावर काय हवे, हे त्या वहीवरून ठरते. तयार करून देणाऱ्याला ती वही दाखवा आणि रंगांविषयी त्यानंतर बोला.

मुखपृष्ठ मोबाइलवर उघडताच, बोट न सरकवता, चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कोणत्या वयाची मुले घेता, वेळ काय, पाळणाघर नेमके कोणत्या भागात आहे आणि भेट ठरवण्यासाठी काय करायचे. ‘मुलांच्या उज्ज्वल भविष्यासाठी’ अशी वाक्ये कोणत्याही पाळणाघराला चालतात, म्हणूनच ती पालकांना काहीच सांगत नाहीत. ‘सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाचे पाळणाघर’ हे साधे वाक्य पालकाला क्षणात सांगते की पुढे वाचण्यात अर्थ आहे की नाही. गुगलही आता वेबसाइटची नोंद घेताना तिचे मोबाइलवरचे रूपच आधार मानते, त्यामुळे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर नमुना पाहून त्याला होकार देऊ नका. तो स्वतःच्या फोनवर उघडून पाहा.

सर्वांत जास्त कष्ट सुरक्षा आणि आरोग्याच्या पानावर घ्या, असा माझा आग्रह आहे. ‘पूर्णपणे सुरक्षित वातावरण’ हा दावा तपासता येत नाही. रोज काय केले जाते, हे मात्र पालकाला भेटीच्या वेळी डोळ्यांनी पाहता येते. म्हणून वयोगटानुसार एका ताईकडे किती मुले असतात ते आकड्यांत लिहा, आणि तान्ह्या बाळांसाठी ही संख्या मोठ्या मुलांपेक्षा कमी का ठेवली आहे, तेही एका वाक्यात सांगा. मुलाला न्यायला कोण येऊ शकते याची यादी कशी ठेवता, यादीबाहेरची व्यक्ती आली तर कोणाला फोन करता, ताप किंवा उलट्या असलेल्या मुलाला कधी परत घेता, औषध देण्यासाठी पालकांकडून लेखी काय घेता, ॲलर्जीची नोंद स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचते, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी आणि कधी घेतले आहे, हे सर्व तेथे असावे. तान्ह्या बाळांना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी व सैल पांघरुणे न ठेवता झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमच्याकडे तसे होत असेल तर ते आवर्जून नमूद करा, कारण हे वाचून आलेले पालक नेमके तेच शोधत असतात. नोंदणी किंवा परवाना असेल तर त्याचा क्रमांक आणि मुदत द्या. आणि जे रोज घडत नाही ते लिहू नका. वेबसाइटवरचे एक वाक्य भेटीत खोटे ठरले, की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो.

ताईंची ओळख करून देताना पदव्यांच्या यादीपेक्षा त्या कोणत्या वयोगटासोबत असतात आणि किती काळापासून काम करत आहेत, हे अधिक उपयोगी पडते. त्यांचे नाव आणि छायाचित्र त्यांच्या संमतीनेच द्यावे. खासगी फोन क्रमांक आणि पत्ता कधीही देऊ नये. दिनक्रमाचे पान वयोगटानुसार वेगळे करा, कारण आठ महिन्यांच्या बाळाचा दिवस आणि चार वर्षांच्या मुलाचा दिवस एकाच वेळापत्रकात बसत नाही.

चौकशीचा अर्ज छोटा ठेवा: पालकाचे नाव, फोन क्रमांक, मुलाचे वय, कधीपासून आणि कोणत्या वेळेत ठेवायचे आहे, एवढे पुरे. मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र किंवा आजारपणाचा तपशील या टप्प्यावर मागू नका. ती माहिती प्रवेशाच्या वेळी, समोरासमोर घ्यायची असते, आणि जी माहिती गोळाच केली नाही ती कुठे फुटण्याचीही भीती नसते. अर्ज पाठवल्यावर ‘आम्ही उद्या संध्याकाळपर्यंत फोन करू’ असे स्पष्ट उत्तर पडद्यावर यावे आणि तो शब्द पाळला जावा. कोणताही पालक वेबसाइट पाहून मूल ठेवण्याचा निर्णय घेत नाही. तो भेटीला येण्याचा निर्णय घेतो. म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी भेट ठरवण्याचे बटण आणि बोट लावताच फोन जोडला जाईल असा क्रमांक असू द्या.

तुम्हाला दाखवलेल्या नमुन्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपोआप वाजणारे संगीत नको. ज्याचे बाळ शेजारी झोपले आहे असा पालक ते पान तत्काळ बंद करतो. फिरती मोठी चित्रे पान जड करतात. पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, असा गुगलचा निकष आहे, आणि मोठी चित्रे आकार कमी न करता टाकली तर तो साधत नाही. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे गोड दिसतात पण वाचता येत नाहीत. वेबवरील सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक लागतो. वेळ, शुल्क, पत्ता हे चित्राच्या आत लिहू नका. तसे केल्यास अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या आजी-आजोबांना, दृष्टिहीन पालकांना आणि शोधयंत्रांनाही ते नीट वाचता येत नाही.

प्रश्न: मुलांची हसरी छायाचित्रे असतील तर वेबसाइट जिवंत वाटते, असे सगळे सांगतात. काही पालकांची तर खोल्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण वेबसाइटवर थेट दाखवावे, अशी मागणी आहे. यात किती पुढे जावे?

उत्तर: ज्याला स्वतः होकार देता येत नाही अशा व्यक्तीचे छायाचित्र तुम्ही जगासमोर ठेवत आहात, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा. एकदा सार्वजनिक झालेले चित्र वेबसाइटवरून काढता येते. त्याच्या इतरत्र गेलेल्या प्रती परत घेता येत नाहीत.

त्यामुळे पालकांची संमती लेखी घ्या, आणि ती प्रवेश अर्जातील एखाद्या कलमात न दडवता वेगळ्या कागदावर घ्या. चित्र वेबसाइटवर, छापील पत्रकात की फक्त पालकांच्या बंद गटात वापरणार, हे त्यात वेगवेगळे विचारा. नकार दिल्याने प्रवेशावर परिणाम होणार नाही आणि संमती केव्हाही मागे घेता येईल, हेही त्यात लिहा. छायाचित्रासोबत मुलाचे नाव नको. दप्तरावरचे, बिल्ल्यावरचे किंवा भिंतीवरच्या वाढदिवसाच्या तक्त्यावरचे नावही त्यात दिसू नये. आंघोळ, कपडे बदलणे, शौच किंवा झोप यांची चित्रे संमती असली तरी टाकू नयेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे आणि केव्हा काढले याची नोंद असू शकते. ती काढून टाकल्यावरच फाइल वेबसाइटवर चढवा. मुले रोज कोणत्या वेळी कोणत्या बागेत जातात, हेही जाहीर करण्याची गरज नाही.

एवढी बंधने पाळूनही वेबसाइट जिवंत दिसू शकते. रंग लागलेले हात, पाठमोरी बसलेली मुले, मुलांच्या उंचीला लावलेली खेळण्यांची फळी, झोपण्याची रिकामी खोली, हात धुण्याची जागा या चित्रांतून पालकांना हवे ते कळते. विकत घेतलेली अनोळखी मुलांची गुळगुळीत छायाचित्रे मात्र वापरू नका, कारण पालक ती तुमचीच जागा समजून येतात आणि दारातच निराश होतात.

थेट चित्रण सार्वजनिक वेबसाइटवर मुळीच नसावे. ते बंद स्वरूपात द्यायचे ठरवले, तरी एका पालकाला आपल्या मुलासोबत इतरांची मुलेही दिसतात, म्हणून सर्वांची संमती लागते. ताईंनाही त्याची कल्पना असली पाहिजे. प्रत्येक पालकाला स्वतंत्र पासवर्ड द्या आणि मुलाने पाळणाघर सोडले की त्याच दिवशी तो बंद करा. कॅमेऱ्यासोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड सर्वांत आधी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते प्रामुख्याने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच. माझा कल थेट चित्रणापेक्षा दिवसाच्या शेवटी मिळणाऱ्या छोट्या लेखी नोंदीकडे आहे. मूल काय जेवले, किती झोपले, कशात रमले हे त्या नोंदीतून कळते. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यातून त्यातले फारच थोडे दिसते.

प्रश्न: शुल्क वेबसाइटवर द्यावे का? आकडा पाहून पालक फोनच करणार नाहीत, अशी भीती वाटते.

उत्तर: द्यावे. ज्यांना ते परवडत नाही ते फोननंतरही येणार नाहीत, आणि ज्यांना परवडते त्यांना लपवलेल्या आकड्याने शंका येते. पूर्ण दिवस आणि अर्धा दिवस यांचे दर, जेवण त्यात धरले आहे का, उशिराचे शुल्क, सुट्टीच्या काळातील आकारणी आणि अनामत परत कधी मिळते, हे सर्व एकत्र लिहा. आकडे कोणत्या तारखेपासून लागू आहेत तेही नोंदवा.

प्रश्न: आमची जुनी वेबसाइट ज्यांनी केली होती ते आता फोन उचलत नाहीत. तिच्यावर जुन्या वेळा आणि बंद झालेला क्रमांक आहे. नवीन करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, कोणाच्या नावावर नोंदले आहे ते शोधा. ते तुमच्या नावावर असेल, तर नोंदणी करणाऱ्या कंपनीशी ओळखपत्रासह संपर्क साधून ताबा मिळवता येतो. त्या व्यक्तीच्या नावावर असेल, तर तिच्या सहकार्याविना हे काम कठीण आहे; अशा वेळी थोडा प्रयत्न करून नवे डोमेन घेणे अनेकदा व्यवहार्य ठरते. नवे डोमेन आणि वेबसाइट ठेवण्याची जागा, दोन्ही संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या नावाने घ्या, मुदत संपण्याच्या सूचना त्याच ईमेलवर येतील असे पाहा, आणि पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा. गुगलच्या नकाशावर तुमच्या पाळणाघराची नोंद असेल, तर तिचा ताबाही घ्या. जुनी वेळ आणि बंद क्रमांक बहुधा तेथेही असतील, आणि पुष्कळ पालक वेबसाइटपर्यंत न जाता तेथूनच फोन लावतात. पालकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती जरूर करा, पण त्याबदल्यात शुल्कात सवलत देऊ नका. गुगलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

नवी वेबसाइट तयार करून देणाऱ्याशी करार करताना एक अट घाला: वेळा, शुल्क आणि रिक्त जागा हा मजकूर तुम्हाला स्वतः, त्याची मदत न घेता बदलता आला पाहिजे. ते कसे करायचे हे त्याने तुमच्यासमोर बसून दाखवावे, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. महिन्यातील एक ठरावीक दिवस हे बदल तपासण्यासाठी राखा आणि ते काम एकाच ताईंकडे नावानिशी सोपवा.