धंद्यातले एकटेपण आणि सोबतीचा गट : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत भांडवल आणि बाजारपेठ यांच्यापेक्षा मालकाच्या मनःस्थितीविषयीचे प्रश्न अधिक आहेत. अशा एकटेपणावर आम्ही सुचवतो तो उपाय म्हणजे सोबतीचा गट, म्हणजे नियमित भेटून मोकळेपणाने बोलणाऱ्या मोजक्या मालकांचा गट. त्यांतील पाच येथे घेतले असून, पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : भोसरीत माझे सीएनसी जॉबवर्कचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनवर इतर कंपन्यांची कामे करून देण्याचे, वर्कशॉप आहे. कामगार चौदा, मशिनचे हप्ते वेळेवर जातात. तरीही मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात कोटेशन घेऊन बसलो की, आपल्याला यातले काही कळत नाही आणि हे आज ना उद्या उघडे पडणार, असे वाटत राहते. घरी सांगितले तर पत्नी काळजी करते. कामगारांना सांगता येत नाही. माझ्यात धंद्याची कुवतच नाही का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रकारच्या शंका एकमेकींत मिसळल्या आहेत. या दरात काम परवडेल का, एकाच ग्राहकावर एवढे अवलंबून राहावे का, या व्यवसायाविषयीच्या शंका आहेत आणि त्यांची उत्तरे मशिनच्या तासाच्या खर्चात व येण्यांच्या (ग्राहकांकडून यायच्या पैशांच्या) यादीत सापडतात. ‘मला काही कळत नाही’ ही शंका मात्र स्वतःविषयीची आहे. तिचे समाधान कोणताही ताळेबंद करू शकत नाही, कारण नफा झाला की तो नशिबाच्या नावावर जमा होतो आणि तोटा झाला की आपल्या. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमधील याच भावनेचे वर्णन केले होते. यश समोर दिसत असूनही आपण लोकांना फसवत आहोत असे या स्त्रियांना वाटे. उपायांची चर्चा करताना त्या दोघींनी समदुःखी व्यक्तींच्या गटाची आवर्जून शिफारस केली; एकीने मनातले बोलून दाखवले की इतरजणींनाही बोलता येते, असे त्यांचे निरीक्षण होते.

मालकाच्या बाबतीत ही अडचण अधिक गडद होते. नोकरीत वरिष्ठ असतात, सहकारी असतात, वर्षाकाठी कोणीतरी कामाचे मूल्यमापन करते. मालक झाल्यावर बँक अधिकारी, ग्राहक, कामगार आणि घरची मंडळी या सर्वांसमोर खात्रीनेच बोलावे लागते, आणि त्या प्रत्येकाचे काही ना काही तुमच्या उत्तरात गुंतलेले असते. तुमच्याएवढ्याच आकाराचा, पण तुमच्याशी देणेघेणे नसलेला दुसरा मालक हा यातला अपवाद. अशा दोघातिघांना भेटा; मात्र ‘तुम्हालाही अशी शंका येते का’ असे विचारू नका, कारण आपल्याकडचा वर्कशॉपवाला असा प्रश्न हसण्यावारी नेतो. गेल्या वर्षी दिलेल्या कोटेशनपैकी किती मिळाली, असे विचारा आणि आधी स्वतःचा आकडा सांगा. खरा आकडा समोर ठेवला की बाकीचे बोलणे बहुधा आपोआप निघते.

प्रश्न : नाशिकमध्ये मी मसाले आणि तयार पिठांचा व्यवसाय करते. एका व्यावसायिक क्लबची सभासद आहे. तिथे प्रत्येक जण आपल्या वाढत्या उलाढालीविषयी बोलतो आणि मी आधीपेक्षा खचून घरी येते. तुम्ही सुचवता तो गट यापेक्षा वेगळा कसा असतो?

उत्तर : तुमचा क्लब काम मिळवून देण्यासाठी आहे आणि ते काम तो करत असेल तर सभासदत्व सोडू नका. पण जिथे समोरचा माणूस उद्याचा ग्राहक होऊ शकतो तिथे कोणीही ‘माझे दोन कारागीर सोडून गेले, दिवाळीची ऑर्डर पुरी होणार नाही’ असे म्हणणार नाही. ती जाहिरातीची जागा आहे, आणि जाहिरात ऐकून स्वतःचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे.

सोबतीच्या गटाची रचना मुळातच निराळी असते. सहा ते आठ जण, व्यवसाय वेगवेगळे, पण आकार साधारण सारखा. पाच लाखांची उलाढाल आणि पाच कोटींची उलाढाल यांचे दुखणे एक नसते. महिन्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेले तीन तास आणि दर वेळी तीच माणसे. सुरुवातीला प्रत्येकाने महिन्याची विक्री, येणी, देणी आणि बँकेतील शिल्लक असे चार आकडे सांगायचे. हे कोरडे वाटते, पण याच्याइतका उपयोगी नियम दुसरा नाही, कारण आकडे सांगितल्यावर बढाईला जागा उरत नाही. नंतर एकाच सभासदाचा एकच प्रश्न तासभर घ्यायचा. आधी इतरांनी फक्त माहिती विचारायची आणि मग स्वतःच्या अनुभवातले सांगायचे. ‘तू असे कर’ हे वाक्य वर्ज्य. आंत्रप्रेन्योर्स ऑर्गनायझेशन या १९८७ पासूनच्या जागतिक संघटनेच्या छोट्या गटांमध्ये हीच शिस्त पाळली जाते आणि तिच्यामागे चांगले कारण आहे. ज्याचा आत्मविश्वास आधीच डळमळला आहे त्याला सल्ला मिळाला की आपण कमी आहोत ही भावना पक्की होते. अनुभव मिळाला की निर्णय त्याच्या हातात राहतो. गटात ऐकलेले जोडीदारालाही सांगायचे नाही आणि सभासदांनी एकमेकांना उसने पैसे द्यायचे नाहीत, हे दोन नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढा. भिशी लावायची असेल तर ती वेगळ्या माणसांबरोबर लावा.

हे केवळ मनाच्या समाधानासाठी आहे असे वाटत असेल तर चीनमधील नानचांग शहरात झालेला प्रयोग पाहा. जिंग त्साय आणि अॅडम सेइडल या अर्थतज्ज्ञांनी २,८२० नव्या कंपन्यांपैकी काहींच्या व्यवस्थापकांचे सोडत पद्धतीने साधारण दहा-दहांचे गट केले आणि वर्षभर दरमहा त्यांच्या बैठका घडवल्या. गटातल्या कंपन्यांची विक्री इतरांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी वाढली आणि बैठका थांबल्यानंतरच्या वर्षीही तो फरक टिकून राहिला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या मासिक गप्पांसाठी हा परतावा वाईट म्हणता येणार नाही.

प्रश्न : सोलापुरात माझे टॉवेलचे युनिट आहे आणि ओळखीचे सगळे मालक याच धंद्यातले आहेत. त्यांच्यासमोर मन मोकळे केले तर उद्या माझा व्यापारी ते पळवणार नाहीत कशावरून?

उत्तर : भीती अनाठायी नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही असे आढळले की, ज्या माहितीतून दुसऱ्याचा फायदा म्हणजे आपला तोटा होतो, ती माहिती प्रतिस्पर्धी असलेल्या गटांमध्ये कमी पसरते. माणसे हातचे राखून बोलतात. दुसऱ्या बाजूला, सिडनीतील हॉटेल व्यवस्थापकांविषयीचा २००० सालचा एक अभ्यास सांगतो की, ज्यांची स्पर्धक हॉटेलांच्या व्यवस्थापकांशी मैत्री होती त्यांच्या हॉटेलांचे उत्पन्न अधिक होते. खोल्या भरल्या की ती मंडळी ग्राहकाला मित्राच्या हॉटेलात पाठवत असत.

म्हणून विषयांची वाटणी करा. सुताचे भाव, वीज, कारागिरांची टंचाई, कोणता व्यापारी पैसे अडकवतो, हे समव्यावसायिकांशी बोलण्याचे विषय आहेत. स्वतःचे मार्जिन, कर्ज आणि मनातली भीती यांच्यासाठी वेगळ्या धंद्यातली माणसे शोधा; छापखानेवाला, औषधविक्रेता, शेती अवजारांचा दुकानदार चालेल. समव्यावसायिकांत बसून विक्रीचा दर मात्र ठरवू नका. स्पर्धा अधिनियम २००२ नुसार ते बेकायदा आहे, आणि चहाच्या टेबलावर ठरले म्हणून ते माफ होत नाही.

प्रश्न : दोन कंपन्यांकडे माझे बरेच पैसे सात महिन्यांपासून अडकले आहेत. रात्री तीनला जाग येते, फोन वाजला की धडधडते. अलीकडे सगळे संपवून टाकावे असे वाटते. गटात गेलो तर बरे वाटेल का?

उत्तर : गटाचे नंतर पाहू. ‘संपवून टाकावे’ हा विचार मनात येत असेल तर आजच १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. घरातल्या एका माणसाला आजच हे पत्र जसेच्या तसे वाचून दाखवा, पुढचे काही दिवस एकटे राहू नका आणि या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना भेटा. झोप उडणे आणि छातीत धडधडणे यांवर उपचार आहेत. ते करून घेणे मशिनचे बेअरिंग बदलण्याइतके साधे काम समजा. हे गटाकडून होणारे काम नाही, आणि ज्या गटाला तसे वाटते त्या गटापासून लांब राहिलेले बरे.

पैशांविषयी थोडे. तुमची उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडील लहान उद्योगांची नोंदणी) असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात मोडत असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. दाद सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. बहुतेक पुरवठादार ग्राहक तुटेल या भीतीने तिकडे जात नाहीत. तक्रार करून पुढे काय झाले हे ज्याने अनुभवले आहे असा माणूस भेटणे इथे फार मोलाचे ठरते, आणि तब्येत सावरल्यावर गटाचा उपयोग तुम्हाला याच कामी होईल. तोपर्यंत कागदपत्रांचे काम तुमच्या सीएकडे सोपवा.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावात कपडे शिवण्याचा व्यवसाय करते. तालुक्याला उद्योजकांचे प्रशिक्षण आहे, पण एकटीने जायचे धाडस होत नाही आणि सासूबाईंनाही ते पटत नाही. जाऊन खरेच काही फरक पडेल का?

उत्तर : एकटीने जाऊ नका, मैत्रिणीला बरोबर घ्या. अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या बँकेच्या ग्राहक स्त्रियांना व्यवसायाचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण देण्यात आले तेव्हा काहींना एकटीने बोलावले होते आणि काहींना मैत्रिणीसह. चार महिन्यांनी पाहिले तर मैत्रिणीसह आलेल्या स्त्रियांच्या धंद्यात आणि घरच्या उत्पन्नात वाढ दिसली. एकट्या आलेल्यांमध्ये तसा फरक जवळजवळ दिसला नाही. ज्या समाजांत बायकांच्या बाहेर जाण्यावर बंधने होती तिथे मैत्रिणीचा परिणाम अधिक ठळक होता. एकट्या आलेल्यांना आणि मैत्रिणीसह आलेल्यांना शिकवणे सारखेच होते, हे लक्षात घ्या.

तुमच्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशन ग्रामीण स्त्रियांसाठी २००६ पासून व्यवसायशाळा चालवते. तिथेही चौकशी करा. सासूबाईंना पटवताना ‘उद्योजकता’ वगैरे शब्द बाजूला ठेवा. कोणाबरोबर जाणार, कोणत्या एसटीने परतणार आणि त्या दिवशीची शिलाई केव्हा पुरी करणार, एवढे सांगा. मैत्रीण शिवणकाम करणारीच असली पाहिजे असे नाही. कोंबड्या पाळणारी किंवा किराणा दुकान चालवणारीही चालेल, फक्त प्रशिक्षणानंतर दर पंधरवड्याला दोघींनी हिशेबाच्या वह्या घेऊन तासभर बसायचे, हे जाण्यापूर्वीच ठरवून घ्या.