‘अंगावर टाक’ म्हणणारे पप्पा

‘पोरगं खेळ सोडतो म्हणतंय. सोडू द्यावं, का ढकलून पाठवावं?’ शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे येतोच. खेळ बदलतो, कधी फुटबॉल, कधी पोहणं, कधी कबड्डी. इथली हकीकत बेसबॉलची आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

कोल्हापुरात बेसबॉल कुठून आला, असं काहींना वाटेल. आमच्याकडं पेठेपेठेत फुटबॉल आणि तालमीत कुस्ती. पण शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट आहेत, आणि फुटबॉलच्या मानानं गर्दी कमी. म्हणजे राज्य पातळीपर्यंतची वाट जवळची. पुढं दहावी-बारावीला क्रीडागुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. पालक हा हिशोब मांडतात, त्यात गैर काही नाही. फक्त हिशोब पालकांचा असतो आणि हात पोराचा.

तर हे पोर आठवीतलं, शाळेच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आई एका पतसंस्थेत कामाला. वडिलांचं उद्यमनगरात लेथ मशिनचं छोटं शॉप. तरुणपणी ते पेठेकडून फुटबॉल खेळायचे, मग गुडघा गेला. आई आत आल्या, वडील खाली गाडीवर बसून राहिले.

"मॅडम, मी काय म्हणतो, शाळा चांगली हाय, सर चांगले हायत, मग ह्याला झालंय काय?" आई म्हणाल्या. त्यांच्या मते मोबाईलनं घात केला होता. (कुठल्याही तक्रारीत पहिला आरोपी मोबाईलच असतो. बऱ्याचदा तो निर्दोष सुटतो.)

मुलाशी मी एकट्याशी बोलले. ‘का सोडतोयस?’ असं थेट विचारलं तर तेरा वर्षांचं पोर ‘बोअर होतंय’ म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. म्हणून त्याला म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुझी शेवटची मॅच मला समजावून सांग. त्यानं कागदावर मैदान काढलं. बॅटर उभा राहतो ती होम प्लेट, त्यानं पळत गाठायचे तीन बेस, मधे पिचरची जागा. बॅटरनं बॅट फिरवली नाही आणि चेंडू होम प्लेटवरून, त्याच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला, तर स्ट्राइक. बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइकना आऊट, चार बॉलना पहिला बेस फुकट. हा पट्टा कुठं आखलेला नसतो. कॅचरच्या मागं उभा राहणारा अंपायर डोळ्यांनी ठरवतो.

"त्यावरनंच पप्पांचं भांडण होतंय," तो म्हणाला.

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्या मॅचमध्ये समोर बॅटिंगला आलेला मुलगा त्याच्याच गणिताच्या क्लासमधला, एका बाकावर बसणारा. आधीच्या वेळी त्यानं सणसणीत फटका मारलेला. जाळीमागून वडिलांचा आवाज आला, "अंगावर टाक त्याच्या! घाबरंल!" पोरानं तसं काही ठरवलं नव्हतं. पण पुढचाच चेंडू हातातून निसटला आणि त्या मुलाच्या खांद्यावर बसला. समोरच्या पालकांनी गलका केला, दोन्ही शाळांचे सर एकमेकांच्या अंगावर धावून गेले, खेळ थांबला. घरी जाताना गाडीवर वडील खुशीत होते. म्हणाले, "असंच पाहिजे." सोमवारी क्लासमध्ये त्या मित्रानं बाक बदलला.

"मी मुद्दाम नाही टाकला, मॅडम. पण आता माझं कोण ऐकणार?"

मॅच ते हरले होते. सगळं सांगताना त्यानं ते एकदाही काढलं नाही. मी विचारल्यावर कळलं. मुलं खेळ सोडायला निघाली की मोठी माणसं पराभवात कारण शोधतात. माझा अनुभव असा की हरणं पोरं संध्याकाळपर्यंत पचवतात. घरच्या माणसाची लाज वाटणं त्यांना पचत नाही, आणि ते बोलून दाखवायची सोयही नसते. बापाची लाज वाटते हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा ‘बोअर होतंय’ सोपं.

आईंना मी सांगितलं, सध्या सोडूही देऊ नका आणि ढकलूही नका. सरावाला जाऊ दे, मॅचचं नंतर बघू. तो नक्की काय सोडतोय ते आधी पाहू: खेळ, पिचिंग, सर, की जाळीमागचा आवाज. ‘सोडतो’ म्हणताना मुलं यातलं एकच काहीतरी सोडत असतात, आणि मोठी माणसं हो किंवा नाही म्हणून सगळंच निकालात काढतात.

वडील पुढच्या वेळी वर आले, पण हाताची घडी घालून बसले. "बघा मॅडम, मी वरडतोय म्हणून तर त्यो जागा असतोय. गप बसायला मी काय देवळात आलोय? आमच्या टायमाला शाहू स्टेडियमला गॅलरीतनं काय काय ऐकलंय आम्ही. कोण मेलं न्हाई."

शाहू स्टेडियमची गॅलरी मलाही ठाऊक आहे. तिथली ईर्ष्या हा या गावाचा जीव आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण तिथं खेळणारे मोठे असतात आणि शिव्या देणारा त्यांचा बाप नसतो. हे मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे.

मग मी त्यांना बेसबॉलमधलीच एक घडलेली गोष्ट सांगितली. २ जून २०१०, अमेरिकेतलं डेट्रॉइट. आर्मांडो गलारागा नावाच्या पिचरनं ओळीनं २६ बॅटर बाद केलेले, एकालाही बेस गाठू दिलेला नाही. २७ वा बाद झाला की ‘परफेक्ट गेम’, जो मोठमोठ्या पिचरना अख्ख्या कारकिर्दीत मिळत नाही. २७ वा बॅटर पहिल्या बेसवर आऊट होता, पण अंपायर जिम जॉयसनं सेफ, म्हणजे नाबाद दिला. गलारागा नुसता हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करून त्यानं मॅच संपवली. जॉयसनं नंतर चित्रफीत पाहिली आणि चूक जाहीर कबूल केली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागं अंपायर म्हणून तोच. संघाची यादी त्याच्या हातात द्यायला गलारागा स्वतः आला, आणि जॉयसला डोळे पुसावे लागले.

"म्हंजे विक्रम गेलाच?"

"गेलाच."

"आमच्या पेठेत असता तर पंचाला बिंदू चौकापर्यंत पळवला असता," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग थोड्या वेळानं आपणहून विचारलं, "त्यो दुसरा पोरगा, खांद्यावर लागलेला, त्याचं काय झालं?"

बाकाची गोष्ट मुलानं त्यांना सांगितली नव्हती. सांगू का, असं मी त्याला आधी विचारून ठेवलं होतं. सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, पोराला माफी मागायला लावतो. मी म्हटलं, त्यानं कशाला? आवाज त्याचा नव्हता. दोन दिवसांनी ते क्लास सुटायच्या वेळी राजारामपुरीत जाऊन उभे राहिले आणि त्या मुलाला सरळ सांगितलं, "बाळा, बोललो ते मी. ह्यानं मुद्दाम न्हाई मारलं." एवढंच. बाक पूर्ववत झाला का, हे मी विचारलं नाही. पोरं आपापसात बघून घेतात.

आता आवाजाचा प्रश्न. ‘ओरडू नका’ हा सल्ला मी देत नाही, कारण तो कुणाला पाळता येत नाही. पोर मैदानात एकटं उभं असतं, बापाच्या हातात करण्यासारखं काही नसतं, मग ते सगळं तोंडावाटे निघतं. हातांना काम पाहिजे. हा माणूस दिवसभर व्हर्नियर घेऊन मापं काढणारा. त्यांना म्हटलं, एक वही घ्या आणि त्यानं टाकलेला प्रत्येक चेंडू लिहा. स्ट्राइक, बॉल, फटका. बॅटरला एकूण किती टाकले. मोजताना ओरडता येत नाही. ओरडलं की आकडा चुकतो. गाडीवर मॅचचा विषय पोरानं काढला तरच काढायचा, नाहीतर भूक लागली का एवढंच विचारायचं, हेही ठरलं. हे दुसरं त्यांना जास्त जड गेलं.

पोरगा मॅचला गेला. वडील जाळीमागं न बसता लांब, आऊटफिल्डच्या, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानाच्या बाजूला वही घेऊन बसले. आईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, ह्यांचा आवाजच न्हाई. लोक विचारायला लागले, तब्येत बरी हाय न्हवं?"

इथं हकीकत संपली असती तर बरं झालं असतं. पण वही बोलायला लागली. एका शनिवारी पोरानं १०४ चेंडू टाकले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ७०. रात्री कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणून तो झोपला नव्हता.

लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची संघटना १९३९ मध्ये अमेरिकेत विल्यम्सपोर्ट या गावात सुरू झाली. तिनं २००७ पासून चेंडूंची मर्यादा घातली आहे: ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, १३ ते १६ ला ९५, आणि १४ पर्यंतच्या मुलानं ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. कारण या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि सारख्या फेकीचा ताण कोपराच्या आत तिच्यावर येतो. नियम तिकडचे असले तरी कोपर सगळीकडं सारखंच.

आता गंमत अशी की सर पोराकडून जास्त चेंडू टाकून घेतात ही वडिलांची तक्रार या वेळी खरी होती. आणि खऱ्या तक्रारीचा राग जास्त धोक्याचा, कारण तो आवरायचं कारणच माणसाला सापडत नाही. मैदानातूनच त्यांनी फोन केला. "मॅडम, सरांचं आज बघतोच." मी विचारलं, पोरगा कुठाय? "हितंच, डबा खातोय." म्हटलं, मग आज नको. मॅचच्या दिवशी नको, पोरांसमोर नको. आज कोपराला बर्फ लावा, उद्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि परवा सरावानंतर सरांना एकटं गाठा. वही द्या आणि विचारा, ‘सर, ह्याचं काय करायचं?’

डॉक्टरांनी फेक काही आठवडे बंद ठेवायला सांगितली. वही बघून सर आधी उखडले. त्यांचं म्हणणं मी नंतर स्वतः भेटून ऐकलं. एका माणसाकडं पाच खेळ, मदतीला कुणी नाही, वर संस्थेतून एकच प्रश्न: नंबर आला का? जाळीमागून बारा पालक बारा सूचना देतात. पोराला ‘बाहेर टाक’ म्हटलं तर तिकडून ‘आत टाक’ येतं. दुसरा पिचर तयार करायचा तर आधी दोन मॅच हरायला लागतात, आणि त्या हरायची मुभा त्यांना कोण देणार? मला त्यांचं पटलं. आपण प्रशिक्षकाकडून खिलाडूवृत्तीची अपेक्षा ठेवतो आणि पगारवाढीच्या, कौतुकाच्या वेळी त्याला फक्त निकाल विचारतो. दुसऱ्या शाळेच्या सरांना त्या दिवशी काय बोलला होतात, हेही मी विचारलं. ते म्हणाले, "आम्ही दोघं एकाच बॅचचे, मॅडम. त्याच संध्याकाळी चहाला बसलो." मी म्हटलं, भांडण पोरांनी बघितलं. चहा कुणी बघितला?

पुढच्या मॅचला पोरानं चेंडूला हात लावला नाही. नवखा पिचर उभा राहिला, संघ हरला. रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांची सालटी काढणं सुरू झालं: चांगला पिचर बसवून ठेवला, वशिला आहे, वगैरे. वडिलांनी तिथं वहीच्या पानांचे फोटो टाकले, डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहिलं आणि खाली एक वाक्य: ‘पोरगा माझा हाय, बसवा म्हणून मीच सांगितलंय.’ ते पूर्ण खरं नव्हतं. निर्णय सरांचा होता. पण सरांवरचं ओझं त्यांनी आपल्याकडं घेतलं. ग्रुप थंड झाला.

आईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पोरानंच दिलं. खेळ सोडायचा नाही, पण रोज पिचिंगही नको. आता तो बहुतेक वेळा पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला असतो आणि लागेल तेव्हा थोडे चेंडू टाकतो. वडिलांच्या हिशोबात यानं राज्य पातळी लांब गेली. त्यांना ते अजून खुपतं आणि ते माझ्यापाशी तसं बोलतातही.

सरांनी पालकांना जाळीमागं बसायला बंदी केली, सगळ्यांना आऊटफिल्डच्या बाजूची जागा दिली. दोन पालकांनी मुख्याध्यापकांकडं तक्रार केली; जागा काही बदलली नाही. वही हल्ली दुसऱ्याच एका मुलाची आई लिहिते, कारण मार्चअखेरची कामं आल्यावर उद्यमनगरातलं शॉप शनिवारी बंद ठेवणं यांना परवडेना.